फळीवर न ठेवता येणारा माल : कृषी सेवा केंद्रचालकांना अनावृत पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृषी सेवा केंद्रांचे चालक यांस,



कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळेच्या काठी पिकावर कीड दिसली की शेतकऱ्याची पावले प्रथम आपल्या दुकानाकडे वळतात. कृषी सहायकाच्या वाट्याला अनेक गावे आलेली असतात, कृषी विद्यापीठ राहुरीला आहे आणि अळी तर एका रात्रीत पोंगा पोखरते. अशा वेळी सकाळी शटर वर करून रात्री उशिरापर्यंत काउंटरवर बसणाऱ्या केंद्रचालकानेच या दोन जिल्ह्यांत कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतीचे ज्ञान बांधापर्यंत नेण्याच्या कामाचा, मोठा भाग बिनपगारी उचललेला आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढचा मजकूर लिहिणे न्याय्य ठरणार नाही. तक्रार आहे तीही याच कारणाने आहे. ज्याच्या शब्दावर गावचे पंप चालतात, त्याच्या बोलण्यात अळी मारणाऱ्या औषधांची नावे पन्नास असावीत आणि अळी खाणाऱ्या कीटकाचे एकही नसावे, ही गोष्ट २००२ साल पाहिलेल्या मुलखाला शोभत नाही.

पिकावरील किडीवर जगणाऱ्या कीटकांना मित्रकीटक म्हणतात आणि त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. परभक्षी कीटक शिकार करतो, एक भक्ष्य संपवून दुसऱ्याकडे वळतो आणि आयुष्यात अनेकांचा फडशा पाडतो. ढालकिडा, क्रायसोपा आणि प्रार्थनाकीटक हे या वर्गातले परिचित चेहरे होत. परोपजीवी कीटक मात्र किडीच्या अंड्यात किंवा शरीरात आपले अंडे घालतो आणि त्यातून निघालेले पिल्लू त्या किडीला आतून खाऊन वाढते. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी दुसऱ्या वर्गातली आहे. दुकानात या सगळ्यांना सरसकट ‘जैविक’ म्हटले जाते, आणि बुरशीची भुकटी, निंबोळी अर्क व कशाचा काढा आहे हे कुणालाच ठाऊक नसलेली बाटलीही त्याच शब्दाखाली खपते. त्यामुळे हा भेद आरंभीच सांगणे आवश्यक वाटते.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी मावा उतरला. ईशान्य भारत व बंगाल यांत पूर्वीपासून नोंदलेली ही कीड पश्चिम महाराष्ट्राला सर्वस्वी अनोळखी होती. पानाच्या खालच्या अंगाला मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी पिंजलेला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर, त्यातून खालच्या पानांवर ठिबकणारा चिकट गोड स्राव, त्या स्रावावर चढणारी काळी बुरशी आणि फडातून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर उठलेले पांढरे-काळे डाग ज्यांनी पाहिले, ते आज आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून येतात. सांगलीहून ही कीड सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटपर्यंत गेली; बेण्याबरोबर गेली, तशीच वैरणीसाठी नेलेल्या वाड्याबरोबरही गेली. त्या काळात दाणेदार आणि फवारणीची कीटकनाशके भरपूर वापरली गेली, परंतु डोक्यावरून गेलेल्या आणि वाऱ्याने लोळलेल्या आडसाली उसात पाठीवर पंप घेऊन माणसाने शिरावे कसे आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवावे कसे, याचे उत्तर कोणत्याच बाटलीच्या लेबलावर छापलेले नव्हते.

उत्तर निघाले ते कीटकांतूनच. डिफा ॲफिडिव्होरा हा परभक्षी, ज्याचे ‘कोनोबाथ्रा’ हे जुने शास्त्रीय नाव आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी अधिक रुळले, आणि मायक्रोमस इगोरोटस हा तपकिरी, जाळीदार पंखांचा कीटक, हे दोघे माव्याच्या वस्तीत शिरून मावा खात असल्याचे दिसून आले. बंगळूरचे जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालय, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि साखर कारखान्यांचे शेती विभाग यांनी त्यांची वाढ करून ते फडांत सोडण्याचे काम हाती घेतले. शेडनेटखाली ऊस लावून त्यावर आधी मावा आणि मग माव्यावर मित्रकीटक वाढवण्याची पद्धत बसवली गेली आणि हेक्टरी १,००० डिफा किंवा २,५०० मायक्रोमस अळ्या सोडण्याची शिफारस झाली. एनकार्सिया ही परोपजीवी गांधीलमाशीही ईशान्येकडून आणण्यात आली. काही हंगामांतच माव्याचा जोर ओसरला, आणि आज तुरळक ठिकाणी तो दिसला तरी त्याच्या पाठोपाठ त्याला खाणारेही येतात.

या प्रकरणातील एक बारकावा आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, तो असा की डिफा ही स्वतः अळी आहे. पतंगाच्या जातीतील, पिकाचे शत्रू ज्या गोतावळ्यात शेकड्यांनी निपजतात त्याच गोतावळ्यातील ती आहे. उसाचे बाधित पान उलटून पाहिले तर माव्याच्या पांढऱ्या थरात एके ठिकाणी रेशमी धाग्यांचे विरळ जाळे दिसते, त्याच्या आड करड्या-हिरवट रंगाची बारीक अळी असते आणि ती जिथून खात आली त्या वाटेवर पान हिरवेगार, मोकळे झालेले असते. ज्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे ‘अळी दिसली की औषध’ एवढाच धडा मिळाला, त्याला त्या हंगामांत अळी दुसऱ्याच्या फडातून मागून आणावी लागली आणि पानाच्या तुकड्यासकट स्वतःच्या उसाला अडकवावी लागली. अळी ही जात नव्हे, ते वय आहे. त्या वयात कोण काय खातो हे पाहिल्याशिवाय शत्रू-मित्र ठरत नाही, हा त्या वर्षांचा धडा होता. तो कारखान्यांच्या जुन्या अहवालांत राहिला आणि काउंटरपर्यंत आलाच नाही.

असाच घोटाळा तासगाव, मिरज आणि पलूस भागातील द्राक्षबागांत होतो. पिठ्या ढेकणावर उपयोगी पडणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला, म्हणजे सव्वाशे वर्षांचा रहिवासी झाला. पण त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके घेऊन हिंडते आणि प्रथमदर्शनी मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. बागायतदार तिचा फोटो काढून दुकानात दाखवतो आणि बागेत पिठ्या ढेकूण वाढल्याचे निदान होऊन, त्याला खाणाऱ्यावरच फवारा बसतो.

निदानाची ही पद्धत, म्हणजे मोबाइलवरच्या अस्पष्ट फोटोवरून दोन मिनिटांत झालेला निवाडा, ही या पत्राची पहिली तक्रार होय. कीड कोणती, ती किती झाडांवर आहे, पीक किती दिवसांचे आहे आणि शेवटचा फवारा कधी व कशाचा झाला, या चार प्रश्नांची उत्तरे न घेता एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वर स्टिकर असा मेळ पंधरा लिटरच्या पंपासाठी सांगितला जातो. द्राक्षपट्ट्यात ‘लेबल क्लेम’ हा शब्द, म्हणजे कोणते औषध कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी मंजूर आहे याची लेबलावरील नोंद, आता लहान मुलालाही माहीत आहे, कारण २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात अडकलेल्या द्राक्षांनी तो सगळ्यांना शिकवला. मका, सोयाबीन आणि उसाच्या शेतकऱ्याला मात्र तो शब्द कुणी सांगत नाही, कारण त्यांचा माल युरोपला जात नाही. फवारणाऱ्याच्या फुप्फुसांना हा भेद कळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कापूसपट्ट्यातली ती गोष्ट इथे लांबची वाटली होती, एवढेच.

अमेरिकन लष्करी अळी हे अशा घाईच्या निवाड्याचे ताजे उदाहरण. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात ती भारतात प्रथम सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्याबरोबर उसावरही नोंदली गेली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख आता बहुतेकांना पाठ आहे. मक्याच्या पोंग्यात ती खोल बसते, तोंडावर स्वतःच्या विष्ठेचा भुसा ओढून घेते आणि वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत जेमतेम पोहोचतो. त्याच पोंग्यात शेपटीला चिमटा असलेला एक चपटा, तपकिरी किडा वावरतो, तो अंडी आणि लहान अळ्या खातो. पानांवर ढालकिडे असतात, तेही तिची अंडी आणि कोवळ्या अळ्या टिपतात. रोपावस्थेत शंभरांत पाच झाडांवर प्रादुर्भाव दिसला तर आणि पुढे पोंगे मोठे झाल्यावर दहा ते वीस झाडांवर दिसला तर उपाय योजावा, अशी शिफारस आहे; याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, कारण त्याहून कमी किडीसाठी केलेला खर्च वाचवलेल्या पिकापेक्षा जास्त होतो. दुकानात ही पातळी शून्य धरली जाते. एक पोंगा खाल्लेला दिसला की प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनसारखे, समोर येईल त्याला मारणारे मिश्रण दिले जाते. त्यात वर फिरणारे ढालकिडे आधी मरतात, पोंग्यातली अळी बरीचशी वाचते आणि पंधरा दिवसांत शेतकरी पुन्हा दारात उभा राहतो. शत्रू मरण्याआधी त्याचे शत्रू मेल्यामुळे कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते, याला शास्त्रात पुनरुद्रेक असे नाव आहे. दुकानात त्याला ‘औषधाचा रिझल्ट कमी पडला, डोस वाढवा’ असे म्हणतात.

दुसरीकडे काय चालते हे पाहायचे तर ज्या पानांचा चहा पिऊन दुकान उघडते, त्या पानांकडेच पाहावे. आसाम आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांत पाठीची कमान करून चालणाऱ्या अळ्या, ज्यांना सोयाबीनमध्ये आपण उंटअळी म्हणतो त्याच चालीच्या, कोवळी पालवी फस्त करतात. तेथील मळ्यांत त्यांची शिकार करणारा एक ढेकूण आढळतो, त्याचे शास्त्रीय नाव इओकँथेकोना फर्सेलाटा. खांद्यांवर दोन टोकदार काटे असलेला हा ढेकूण आपली सोंड पुढे ताणून अळीच्या अंगात खुपसतो. अळी त्याच्याहून कितीतरी लांब असते, दोन-चार हिसके देते, मग लुळी पडते, आणि ढेकूण तिला सोंडेच्या टोकावर तशीच लोंबकळत ठेवून आतला रस शोषतो, शेवटी रिकामी कातडी तेवढी खाली पडते. चहा हे पान थेट उकळून पिण्याचे पीक असल्याने त्यातील विषाच्या अंशाला लपायला जागा नसते. चहा मंडळाने २०१४ मध्ये वनस्पती संरक्षण संहिता आणून मळ्यांत कोणती रसायने चालतील याची यादी ठरवली आणि त्यामुळे अशा शिकाऱ्यांकडे लक्ष देणे मळेवाल्यांना भाग पडले. हाच ढेकूण भारतात सोयाबीनवरही आढळतो आणि तंबाखूची पाने खाणारी अळी त्याला विशेष आवडते. कऱ्हाड-कोरेगावच्या सोयाबीनमध्ये तो दिसला आणि त्याचा फोटो दुकानात आला, तर उत्तर काय मिळेल हे वेगळे सांगायला नको. ढेकूण हा शब्द ऐकताच रस शोषणाऱ्या किडींच्या औषधाकडे हात जाईल.

आता आपली बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. दुकान चालते ते फळीवर. बाटली फळीवर दोन वर्षे राहू शकते, कंपनी ती परत घेते, तिच्यावर स्कीम असते, आणि सकाळी अळी जमिनीवर पडलेली पाहिल्याशिवाय समाधान न होणारे गिऱ्हाईकही असते. मित्रकीटक हा फळीवर ठेवता येणारा माल नाही. ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवून ती ट्रायकोग्रामाकडून परोपजीवित करून घेतलेली असतात. तीन-चार दिवसांत ती काळी पडतात आणि आठवड्याभरात त्यांतून मिलिमीटरहूनही लहान माश्या बाहेर येतात. शीतकपाटात त्यांचा जन्म काही दिवस लांबवता येतो, पण उन्हाळ्यात काउंटरच्या काचेखाली ठेवलेले कार्ड दोन दिवसांत एक तर रिकामे होते किंवा मरते. क्रायसोपाच्या अळ्या तर एकत्र ठेवल्या की एकमेकींनाच खातात. असा माल ठेवून नुकसान कोण सोसणार, हा आपला प्रश्न रास्त आहे.

परंतु त्यावर काढलेला तोडगा रास्त नाही. काही ठिकाणी मुदत संपलेली, माश्या उडून गेलेली कार्डे तशीच विकली जातात. शेतकरी ती उसाच्या पानाला टाचतो, काहीच घडत नाही आणि ‘जैविक काही खरे नसते’ हा समज पक्का होतो. काही ठिकाणी कार्डासोबत त्याच दिवशी फवारायला कीटकनाशकही दिले जाते, म्हणजे मांजर पाळायला देऊन दुधात विष कालवण्याचा प्रकार. याहून अधिक बोचणारी गोष्ट उधारीची आहे. कारखान्याचे बिल येईपर्यंत ज्याचे खाते आपल्या वहीत उघडे असते, त्या शेतकऱ्याला ‘यातली दुसरी बाटली नको’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. सल्ला आणि कर्ज एकाच हातातून आल्यावर सल्ल्याची चिकित्सा करणे व्यवहाराला धरून नसते, हे दोन्ही पक्ष जाणून असतात. याचा दोष एकट्या केंद्रचालकावर ठेवता येत नाही, कारण त्याचीही कंपनीकडे उधारी असते.

म्हणून विनंती अशी आहे की मित्रकीटक फळीवर ठेवू नयेत, वहीत ठेवावेत. लावणीच्या वेळी आपल्याला गावनिहाय उसाचे क्षेत्र आणि लागणीच्या तारखा अन्य कुणापेक्षाही नेमक्या माहीत असतात, कारण बेणेप्रक्रियेचे औषध आपल्याकडूनच गेलेले असते. खोडकीड आणि कांडीकीड या उसाला आतून पोखरणाऱ्या अळ्यांसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस हेक्टरी ५०,००० या प्रमाणात, म्हणजे अडीच कार्डे, ठरावीक दिवसांच्या अंतराने सोडण्याची शिफारस आहे; त्या तारखा लागणीच्या तारखेवरून आधीच मांडता येतात. मागणी आधी नोंदवून प्रयोगशाळेकडून त्या-त्या दिवशी कार्डे मागवली आणि दुकानात न थांबवता संध्याकाळपर्यंत शेतावर पोहोचवली, तर शिळ्या मालाचा प्रश्नच उरत नाही. यासाठी हमालीइतके कमिशन घेतले तरी कुणी तक्रार करणार नाही. दूधसंस्था रोज सकाळी-संध्याकाळी नाशवंत माल फिरवतात, त्या मुलखात हे अशक्य म्हणणे पटण्यासारखे नाही.

बाटली द्यायची वेळ येईल तेव्हा निवडीची विनंती आहे. मित्रकीटक पूर्णपणे कीड आवरतील असा दावा येथे नाही. लष्करी अळीच्या अंडीपुंजावर केसाळ खवल्यांचे पांघरूण असल्याने ट्रायकोग्रामाचे तिथे फारसे चालत नाही, आणि कीड पातळीच्या वर गेल्यावर परभक्षी वाढण्याची वाट पाहत बसणे पिकाला परवडत नाही. तशा वेळी अळीवर नेमके काम करणारे आणि परभक्षींना तुलनेने कमी बाधक असे औषध, पोंग्यात पडेल अशा रीतीने, एकटेच द्यावे. एकाच बादलीत चार औषधे घालणे बंद करावे. उसाचे पाचट जाळणाऱ्याला काडी लावण्यापूर्वी थांबवण्याचे कामही आपण करू शकता, कारण फडातले मित्रकीटक त्या पाचटात असतात आणि जाळलेल्या रानात पुढच्या खोडव्याला पहारेकरी उरत नाहीत.

निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ पासून चालवलेला ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आपल्यापैकी अनेकांनी पूर्ण केला आहे आणि त्याचे प्रमाणपत्र गल्ल्यामागच्या भिंतीवर गणपतीच्या शेजारी लावलेले असते. त्यात एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकवले जाते. त्या प्रमाणपत्राच्या खाली एक तक्ता लागावा, एवढी मागणी फार नाही: डिफाची अळी, क्रिप्टोलिमसची अळी, क्रायसोपाचे देठावर उभे राहिलेले पांढरे अंडे, काटेरी खांद्यांचा शिकारी ढेकूण आणि मायक्रोमस, यांची मोठी, स्वच्छ चित्रे. कंपन्यांच्या दिनदर्शिकांवर किडींची चित्रे असतात, किडींच्या शत्रूंची नसतात, त्यामुळे हा तक्ता आपणच छापून घ्यावा लागेल. सोबत काउंटरवर दहापट मोठे दाखवणारे एक भिंग दोरीला बांधून ठेवावे, आणि फोटो घेऊन येणाऱ्याला फोटोऐवजी पान आणायला सांगावे.

आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होईल. तोपर्यंत नोंदवही आखून तिच्यात गाव, गट, लागणीची तारीख आणि कार्ड सोडण्याच्या तारखा असे चार रकाने पाडून ठेवता येतील. नोंदणीला येणारी पहिली काही नावे या पत्राच्या वाचकांपैकीच असतील.



आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस-सोयाबीन उत्पादक व आपल्या वहीतला जुना खातेदार